चार तासांचं पाणी

मंगळवार, १ ऑक्टोबर

धाकटे,

आशीर्वाद लिहायला घेतले आणि पेन थांबलं. तुला ते हवेत की नकोत हे मला माहीत नाही, तेव्हा माझ्याकडेच राखून ठेवते. लागले तर मागून घे. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं त्यापेक्षा बरं, फाडायचं झालं तरी आधी हातात धरावं लागतं.

चौकशी समितीचं पत्र तुलाही पोचलं असेल. गुरुवारी ३१ तारखेला सुनावणी आहे. आणखी दोन प्रयोगशाळांनी कळवलंय की तुझ्या प्रयोगाचा निकाल त्यांच्याकडे तसा येत नाही. आपल्या प्रयोगशाळेच्या सरांनी तर दोन वर्षांपूर्वीच हात झटकले होते. आता समितीपुढे एकच प्रश्न आहे: तू आकडे मनाचे लिहिलेस का. लिहिलेस असं ठरलं तर डॉक्टरेट काढून घेतील, आणि तिच्यावर मिळालेली तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली नोकरीही जाईल.

तू अजून उत्तर दिलेलं नाहीस असं कार्यालयात कळलं. अगं, गप्प बसणाऱ्याच्याच माथी खापर फुटतं. लहानपणीही तुझं हेच. दूध मांजरानं सांडलं तरी तू ओठ मिटून उभी राहायचीस, आणि मार खायचीस. 'काहीतरी चुकलं असेल, काय ते मला ठाऊक नाही' एवढं एक वाक्य लिहून दे. वाकल्यानं कोणी मोडत नाही.

मी तुला दिलेल्या सीरमबद्दल त्यांनी मला लेखी विचारलं. नेहमीच्या पद्धतीनं तयार केलं होतं, असं मी कळवलंय.

आई बरी आहे. काठी घेऊन फाटकापर्यंत जाते आणि तुझं पत्र आलं का म्हणून विचारते. हल्ली टपाल उशिरा येतं असं मी सांगते. तिला ते पटत नाही, पण ती वादही घालत नाही.

ताई


शनिवार, ५ ऑक्टोबर

धाकटे,

समितीत एक वकील आहेत. त्यांना तुझा प्रयोग समजावून सांगायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलं. बावीस वर्षं माध्यम-खोलीत पेशींचं खाणं शिजवणाऱ्या बाईला सगळं सोपं करून सांगता येतं, असा त्यांचा समज.

मी म्हटलं, पेशीला प्रथिनं विणायला अमिनो आम्लं लागतात. त्यातलं एक आर्जिनिन. एका शेंगेच्या बियांत कॅनाव्हनिन नावाचा त्याचा तोतया सापडतो, दिसायला अगदी तसाच. पेशी फसते, त्यालाच विणून घेते, मग तिची प्रथिनं वेडीवाकडी होतात आणि ती मरते. आमच्या धाकटीचं म्हणणं, हॅमस्टरच्या या पेशींतल्या काही मरत नाहीत. त्या स्वतःचं आर्जिनिन इतकं बनवतात की तोतयाला शिरायला जागाच उरत नाही.

"म्हणजे घरी पोटभर जेवलेला माणूस बाहेरचं खात नाही, तसं?" वकील म्हणाले.

"तसंच समजा."

"मग यात तुमच्या सीरमचा काय संबंध?"

मी सांगितलं, सीरम वासराच्या रक्तापासून काढतात. त्याशिवाय पेशी वाढत नाहीत, पण त्यात खरं आर्जिनिन असतं. ते धुऊन काढलं नाही तर पेशींना खरा माल मिळत राहतो, आणि मग तोतयाचं काही चालत नाही. कुठलीही पेशी जगते.

"ते धुणं तुमचं काम?"

"माझं."

"आणि ते झालं होतं?"

"बाटलीवर लेबल आहे," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

आता खरी बातमी. द्रव नायट्रोजनच्या टाकीत खालच्या कप्प्यात तुझी एक कुपी सापडली. तुझ्या अक्षरात, तारखेसकट. बाकीच्या कुप्या सरांनी फेकून दिल्या होत्या, ही कशी राहिली देव जाणे. एकच आहे. काल मी ती बाहेर काढली आणि कोमट पाण्यात हलवत हलवत वितळवली. सरांना विचारलं नाही. झाकण उघडायला दोन मिनिटं लागली. आज सकाळी निम्म्या पेशी तळाला चिकटल्यात.

वाढल्या की मी त्यांना कॅनाव्हनिनचं विष घालणार आहे. जगल्या तर समितीचं तोंड आपोआप बंद होईल आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

ताई


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

धाकटे,

दोन पत्रांना उत्तर नाही. ठीक आहे. भिंतीशी बोलायची मला सवय आहे, माध्यम-खोलीत दुसरं असतं कोण.

तुझ्या पेशी झकास वाढल्या. सोमवारपासून सीरम धुवायला घेतलं. पातळ पडद्याच्या पिशवीत भरलं, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि शीतखोलीत मिठाच्या पाण्यात सोडलं. बारीकसारीक असतं ते पडद्यातून पाण्यात निघून जातं, मोठी प्रथिनं आत राहतात. हे मी तुला सांगतेय म्हणजे न्हाव्याला वस्तरा दाखवणं, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. या वेळी सहाच्या सहा वेळा पाणी बदललं. पुरे तीन दिवस. शीतखोलीत स्वेटर घालून उभी राहिले, घड्याळ लावून. प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "मावशी, एवढं काय बघताय? पाणी आहे ते."

आज पेशी मांडल्या. तीन डिश साध्या हॅमस्टर-पेशींच्या, तीन तुझ्या. प्रत्येकीत एक लाख. उद्या विष घालते. जगलेल्या पेशी वाढून डिशमध्ये त्यांचे ठिपके नीट दिसायला सोळा दिवस लागतील, म्हणजे ४ नोव्हेंबर. सुनावणी ३१ ला. चार दिवस कमी पडतात. तारीख पुढे ढकला म्हणून कार्यालयात विचारलं तर कारकून म्हणाला, "बाई, समिती तुमच्या डिशसाठी थांबत नसते."

सरांनी त्या वेळी पाचव्या दिवशी मेलेल्या पेशी पाहून सगळ्या डिश कचऱ्यात टाकल्या होत्या. उतावळेपणा, दुसरं काय. मी सोळा दिवस झाकण उघडणार नाही.

तू उत्तर पाठव. मला नको, समितीला.

ताई


शनिवार, २६ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आईनं ते आधी स्वतःकडे घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग मला दिलं. आत एवढंच: 'ताई, या वेळी सहा वेळा पाणी बदललंस. त्या वेळी किती वेळा बदललं होतंस?'

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं. मी म्हटलं, खुशाली विचारलीय.

डिशचा आज सातवा दिवस. साध्या पेशी मेल्या, तरंगताहेत. तुझ्याही बहुतेक मेल्यात. तळाला काही चिकटलेलं दिसतं, पण ते जिवंत आहे की नुसता कचरा, सूक्ष्मदर्शकातून मला ठरवता येईना. दोनदा पाहिलं आणि मग बघायचंच सोडलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. एक कागद फाडला. दुसऱ्यावर हवापाण्याचं लिहिलं गेलं, तोही फाडला. आज होत नाही.

ताई


रविवार, २७ ऑक्टोबर

धाकटे,

एकदाही नाही.

तीन दिवसांऐवजी पिशवी पाण्यात चार तास होती, आणि पाणी एकदाही बदललं नव्हतं. आता सांगतेच आहे तर सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

माझी सवय तुला माहीत आहे: लेबल आधी, काम मागून. ओल्या हातानं अक्षर बिघडतं म्हणून मी ही पद्धत लावून घेतली, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीला मिरवत शिकवली. त्या सोमवारीही आठ रिकाम्या बाटल्यांवर लेबलं लावली: धुतलेलं सीरम, तारीख, माझी सही. पिशव्या भरायच्या होत्या तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती.

खुबा मोडला होता. तू तेव्हा वसतिगृहात राहायचीस, म्हणून तुला आम्ही 'जरा घसरली' असं पंधरा दिवसांनी सांगितलं तरी खपलं, पण ते खोटं होतं. दोन दिवस मी रुग्णालयात होते. भुलीतून बाहेर येताच आई म्हणाली, "धाकटीला कळवू नकोस. तिचं आता कुठे मार्गी लागतंय. घे माझी शपथ." मी घेतली.

बुधवारी सकाळी मी कामावर आले. तू दारातच उभी. "ताई, सीरम? पेशी तयार आहेत, आज विष घालायचंय." नाही म्हटलं असतं तर तू का विचारलं असतंस, आणि दोन दिवस मी कुठे होते ते मला सांगावं लागलं असतं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. माझ्याकडून काही वेळेवर झालं नाही, हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "संध्याकाळी घेऊन जा." पिशवी भरली, चार तास पाण्यात ठेवली, गाळलं, बाटल्यांत ओतलं. लेबलं लागलेलीच होती. बरंचसं निघून गेलं असेल, अशी मनाची समजूत घातली.

पाच महिने तू त्या आठ बाटल्यांवर काम केलंस. साध्या पेशी विषानं मरतात याची चाचणी तू आधीच्या खेपेच्या बाटलीत केली होतीस. ती खेप मी चोख धुतलेली होती. नव्या बाटलीत तीच चाचणी पुन्हा केली असतीस तर साध्या पेशीही जगलेल्या दिसल्या असत्या आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. तू केली नाहीस, कारण बाटलीवर माझं अक्षर होतं. त्या बाटल्या संपल्या, तुझा लेख छापून आला, पदवी मिळाली, मग मी नवं सीरम नीट धुऊन दिलं, आणि तुझ्या पेशी पटापट मेल्या. सर म्हणाले, या मुलीनं आकडे मनाचे लिहिले.

तो दिवस मी विसरू शकत नाही. सरांनी तुझ्यासमोर विचारलं होतं, "सीरमचा काही घोटाळा?" आणि तू ताडकन म्हणालीस, "ताईच्या लेबलवर शंका घ्यायची नाही, सर. माझ्यावर घ्या." मी हातात पिपेटचा डबा धरून बाजूलाच उभी होते. तोंड उघडायला मला एक क्षण मिळाला होता. मी डबा कपाटात ठेवायला गेले.

मग तू सामान बांधलंस. जाताना म्हणालीस, "ताई, माझ्या बाजूनं एक शब्दही बोलली नाहीस." तुला वाटलं, मी घाबरून सरांची बाजू धरली. तेवढंच वाटू दिलं मी तुला. बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी सतराची. तुझी वेणी घातली, तुला अभ्यासाला बसवलं, या प्रयोगशाळेतही मीच आणलं. आणि जिथे एका वाक्याचं काम होतं तिथे गप्प बसले. मला स्वतःची लाज वाटते, धाकटे. दोन वर्षं रोज वाटतेय.

कुपी सापडली तेव्हा मला काय वाटलं तेही लिहिते. वाटलं, पेशी जगल्या तर झाकली मूठ तशीच राहील. तू निर्दोष सुटशील आणि माझ्या चार तासांचं नाव कुणी घेणार नाही. ४ तारखेपर्यंत वाट बघायची, मग ठरवायचं, असा माझा बेत होता. तुझं पत्र आलं नसतं तर तसंच केलं असतं.

आता ४ तारखेची वाट बघत नाही. उद्या सकाळी हे सगळं समितीला लिहून देते. सोबत नक्कल ठेवलीय.

आईला दुपारी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी न्हाणीघरात घसरले, तिथं ओल होती. तू कोरड्यावर कशी घसरलीस गं?" रात्री जेवताना मात्र तिनं माझं ताट नेहमीसारखं वाढलं.

ताई


गुरुवार, ३१ ऑक्टोबर

धाकटे,

सुनावणी झाली. लांबट टेबल, समितीचे तिघं जण, एका कडेला सर आणि समोर मी. तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्याकडे न बघता बोलायला मला फार जड गेलं.

अध्यक्षबाईंनी माझं निवेदन मोठ्यानं वाचलं. 'चार तास' हे शब्द आले तेव्हा सरांनी चष्मा काढला.

"दोन वर्षं?" सर म्हणाले. "दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी मला नमस्कार करत होता."

"हो."

"मी त्या मुलीला काय काय बोललो ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं, सर. पण पाचव्या दिवशी डिश फेकल्या त्या तुम्ही." हे बोलायला नको होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

वकील आपल्या कागदात शोधत होते. "तुम्ही मला म्हणाला होता, बाटलीवर लेबल आहे."

"ते खरंच होतं. म्हणून तर तसं म्हणाले."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमच्या त्या डिश सोमवारी मोजायच्या आहेत म्हणता. पेशी जगतील असं वाटतं?"

"माहीत नाही."

"मग सोमवारपर्यंत थांबला का नाहीत?"

"जगल्या असत्या तर मी हे सांगितलं नसतं, बाई," मी म्हटलं. "म्हणून आज सांगतेय."

त्यांनी डिश ठेवलेल्या इन्क्युबेटरला सील लावायला सांगितलं. सोमवारी त्या स्वतः मोजणार, मी फक्त बाजूला उभं राहायचं. निकाल त्यानंतरच. पेशी सगळ्या मेलेल्या निघाल्या तर तू खोटारडी ठरणार नाहीस, पण चुकीच्या पायावर मिळवलेली पदवी राहील का याचा विचार करावा लागेल, असं त्या म्हणाल्या. माध्यम-खोलीची किल्ली माझ्याकडून लगेच घेतली. किल्ल्यांच्या जुडग्यातून ती निघता निघेना, वकिलांनी मदत केली.

चार दिवस आहेत. मला सूक्ष्मदर्शकातही बघता येणार नाही. घरी आल्यापासून आई आणि मी एकाच खोलीत बसलो आहोत, दोघी वेगवेगळ्या भिंतींकडे बघत.

ताई


सोमवार, ४ नोव्हेंबर

धाकटे,

आधी आकडे, मग बाकीचं.

साध्या पेशींच्या तीन डिशमध्ये शून्य, शून्य, शून्य. जगलेल्या पेशींना चढतो तो जांभळा रंग ओतला, धुतला, आणि काच धुतलेल्या थाळीसारखी स्वच्छ.

तुझ्या पहिल्या डिशमध्ये अकरा. दुसरीत नऊ. जांभळे, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजले, मग सरांना मोजायला लावले. तिसऱ्या डिशला रंग लावला नाही, म्हणजे पेशी जिवंत राहतील. तिच्यात सूक्ष्मदर्शकाखाली सरांनी दहा मोजले. पूर्ण धुतलेल्या सीरमात आणि पूर्ण विषात तीस ठिपके, म्हणजे पेशींच्या तीस वसाहती जगल्या.

मी तिथेच स्टुलावर बसले.

तेव्हा ऐक, तुझं म्हणणं खरं होतं आणि तुझा आकडा चुकीचा होता. तू लिहिलंस निम्म्याहून अधिक पेशी टिकतात. टिकतात त्या दहा हजारांत एखादी. बाकीच्यांना माझ्या सीरमातलं खरं आर्जिनिन पोसत होतं, आणि त्या गर्दीत तुझ्या खऱ्या पेशी दिसेनाशा झाल्या होत्या. सरांनी धीर धरला असता तर त्यांनाही त्या दिसल्या असत्या. मी तोंड उघडलं असतं तर तुला त्या दोन वर्षांपूर्वी सापडल्या असत्या, आणि आज तुझी स्वतःची प्रयोगशाळा असती.

समितीनं निकाल सांगितला. तू आकडे मनाचे लिहिले नव्हतेस. पदवी राहते. लेख मागे घेऊन दुरुस्त आकड्यांनी नव्यानं लिहायचा. सर तुला माफीचं पत्र लिहिणार आहेत. तसं त्यांना सांगण्यात आलंय.

मला काचसामान धुण्याच्या विभागात पाठवलंय. माध्यम-खोलीच्या आधी तिथूनच सुरुवात केली होती. नळ अजून तोच आहे, गळतोही तसाच.

आईला निकाल सांगितला तर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तिला लिही, ये म्हणावं." मी म्हटलं, "ते सांगायला मला तोंड नाही, तूच लिही." तिची ओळ खाली आहे. अक्षर हलतंय, सांभाळून वाच.

ताई

*पोरी मी बरी आहे. ये किंवा नको येऊ, जेवत जा. आई*


शनिवार, १६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'पदवीचं कळलं. तुझ्याशी बोलणं मला अजून जमणार नाही. तिसऱ्या डिशमधल्या पेशी वाढवून पाठव, पुढचं काम मी इथे करणार आहे. फ्लास्कवर लेबल लावू नकोस, मी तपासून लावीन.' आईसाठी वेगळं पान होतं, ते तिनं मला दाखवलं नाही. उशीखाली ठेवलंय.

अध्यक्षबाईंनी एवढ्या एका फ्लास्कपुरतं मला माध्यम-खोलीत जाऊ दिलं. पेशी वाढल्या. सोबत सीरमची एक बाटलीही पाठवतेय, नाहीतर तिथे पोचल्यावर त्या उपाशी राहतील. फ्लास्क गळ्यापर्यंत माध्यमानं भरलाय, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, म्हणजे वाटेत हिंदकळून पेशी सुटणार नाहीत. बुचावर पट्टी गुंडाळलीय, भोवती कापूस आहे. पेटी उभीच ठेव.

बाटली पुसून झाल्यावर हात आपसूक पेनाकडे गेला. मी तो मागे घेतला. बावीस वर्षांत माझ्या हातची कोरी बाटली पहिल्यांदाच दाराबाहेर जातेय.

सीरम तीन दिवस, सहा पाण्यांत धुतलेलं आहे. पण मी सांगतेय म्हणून मानू नकोस. आधी साध्या पेशींवर तपासून बघ.

ताई